रत्नमालानं अडवलेली साक्ष

सोमनाथ थोरेचं नाव फोनवर उमटलं तेव्हा रत्नमाला दाभाडे मुकुंदवाडीत कंपनीच्या बसची वाट बघत उभी होती. चष्मा घरी राहिला होता म्हणून तिनं फोन आधी लांब धरला, मग जवळ धरला, आणि नाव तेच आहे याची खात्री पटल्यावर ती हसली. शेजारच्या बायकांना वाटलं, नातवाचा व्हिडिओ आला असेल. नातवाचा व्हिडिओ बघून कुणी असं हसत नाही.

फोनवर लिहिलं होतं: 'सोमनाथ कारभारी थोरे, राहणार पुंडलिकनगर. दावा असा की वाळूजच्या कारखान्यात वायरिंग हार्नेसची लाइन मी उभी केली, मुलींना काम शिकवलं, माणसं सांभाळली. आपली साक्ष हवी आहे.' खाली दोन बटणं होती. मंजूर आणि हरकत.

रत्नमालानं एकही दाबलं नाही. फोन पर्समध्ये टाकला, चेन ओढली आणि बसमध्ये खिडकीची जागा पकडली. अख्खं शहर ओलांडून वाळूज गाठायचं म्हणजे रोज अंग आंबून जायचं. त्या दिवशी रस्ता कधी संपला ते तिला कळलंही नाही.

आता ही बाई कोण आणि तिला एवढा आनंद कशाचा झाला, ते सांगायला हवं. फुलंब्रीकडच्या गावात दहावीपर्यंत शिकली, साहेबराव दाभाडेशी लग्न करून मुकुंदवाडीत आली. साहेबराव रंगकाम करतो. दिवाळीच्या आधी त्याला जेवायला फुरसत नसते आणि एरवी फुरसतीशिवाय दुसरं काही नसतं. तेव्हा घर चालवायला रत्नमाला बाहेर पडली आणि एका ठेकेदारामार्फत वाळूजला हार्नेसच्या कामाला लागली. हार्नेस म्हणजे गाडीच्या पोटात असतो तो वायरींचा जुडगा. लांबलचक बोर्डावर खुंट्या ठोकलेल्या असतात, त्यांच्यामधून रंगीत वायरी ओढत न्यायच्या, टोकाला पितळी टर्मिनल दाबून बसवायचं, वरून टेप गुंडाळायची. एक वायर इकडची तिकडं झाली की गाडीचा उजवा दिवा लावल्यावर हॉर्न वाजतो. रत्नमालाच्या बोर्डावरून असला जुडगा कधी गेला नाही. नव्या मुली आल्या की ठेकेदार त्यांना मशीन दाखवून निघून जायचा आणि रत्नमाला त्यांना काम दाखवायची. डोळे मिटून नुसत्या बोटांनी टर्मिनल नीट बसलंय का ते ओळखायला तिनं किती मुलींना शिकवलं, त्याला मोजदाद नाही.

सोमनाथ थोरे त्या लाइनचा सुपरवायजर. तालुक्याला जमीन, अंगावर इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. तो रत्नमालाला 'ए दाभाडे' म्हणायचा. वरच्या साहेबांना सांगायचा की मुलींना मी तयार केलं. रत्नमालाला तेही चालत होतं. पण कंपनीनं ठरवलं की लाइनवर एक बाई प्रमुख नेमायची, आणि सगळ्या मुलींनी एका तोंडानं रत्नमालाचं नाव घेतलं, तेव्हापासून सोमनाथचं गणित बिघडलं. आजवर ज्या बाईच्या जिवावर आपण साहेब झालो, ती शेजारच्या खुर्चीवर येऊन बसणार, आणि तीही मुकुंदवाडीची दाभाडे. हे दुसरं त्यानं कधी तोंडानं बोलून दाखवलं नाही. बोलायची गरजही नव्हती.

मग एके दिवशी स्टोअरमधून टर्मिनलच्या पिशव्या कमी भरल्या. पाळी सुटली, बस सुरू होऊन घुरघुरत होती, सगळ्या बायका आत बसलेल्या, आणि सोमनाथनं गेटवर रत्नमालाला थांबवलं. वॉचमनला सांगून तिची पिशवी रस्त्यावर उपडी केली. छत्री, कंगवा, डोकेदुखीची गोळी, चार माणसांत बाहेर काढू नये अशा बायकांच्या वस्तू, आणि डबा. डबा त्यानं स्वतः उघडला. उरलेली भाजी पेनानं ढवळली. त्यात भाजीच होती.

"आज नाय सापडलं," तो म्हणाला. "उद्यापासून येऊ नको."

रत्नमाला खाली बसून वस्तू गोळा करू लागली. तिनं मान वर केली तेव्हा बसच्या खिडकीत लीलाबाई दिसली. लीलाबाई म्हणजे तिच्याच गल्लीतली, बोर्डावर तिच्या शेजारी उभी राहणारी, दोघींचा डबा एक. लीलाबाईनं खिडकीची काच ओढून घेतली. बस निघून गेली. रत्नमाला तिठ्यापर्यंत चालत आली आणि रिक्षा बदलत बदलत घरी पोचली.

पुढची तीन वर्षं वाळूजचं एकही गेट तिच्यासाठी उघडलं नाही. सोमनाथनं ठेकेदारांना फोन केले होते. तोंडावर कुणी नाही म्हणत नव्हतं. ठेकेदाराची जात 'नाही' म्हणत नसते, ती 'कळवू' म्हणते. रत्नमाला अर्ज घेऊन जायची, माणूस वरून खालपर्यंत बघायचा आणि म्हणायचा, "कळवू." नाही म्हटलं की माणूस घरी जाऊन रडून मोकळा होतो. कळवू म्हटलं की तो फोन उशाशी घेऊन झोपतो. तिनं पोरांच्या मेसमध्ये भाकऱ्या थापल्या, पिशव्या शिवल्या, आणि भाकरी थापताना रोज एका माणसाचं तोंड डोळ्यांपुढं आणलं. भाकऱ्या छान गोल व्हायच्या.

तिला परत कामावर आणलं ते तिच्या बहिणीच्या पोरीनं, निशानं. कॉम्प्युटर इंजिनिअर झालेली मुलगी. पुण्याला नोकरी धरून मोकळी व्हायची ती इथंच राहिली आणि कॉलेजच्या दोन मैत्रिणींबरोबर फोनवर चालणारी, नोंदी जोडत जाणारी एक साखळी काढून बसली. ठेक्यावर काम करणाऱ्या माणसाला कंपनी अनुभवाचा कागद देत नाही, ठेकेदार देतो तो विकत देतो, म्हणून त्या कागदाला कुणी विचारत नाही. मग माणसाला काय येतं हे सांगणार कोण? निशा म्हणाली, ज्यांनी त्याला काम करताना बघितलं ते सांगतील.

रत्नमालाच्या घरी जुन्या लाइनवरच्या बायका जमल्या होत्या. निशानं चटईवर बसून समजावलं.

"बाकीच्या साखळ्या असतात ना मावशी, बिटकॉइनसारख्या, तिथं जो मोठमोठे कॉम्प्युटर रात्रंदिवस तापवतो त्याची नोंद पक्की होते. दुसऱ्या काही आहेत, तिथं ज्याचा पैसा जास्त गुंतलेला त्याचं मत जास्त."

"मंग आपलं कसं व्हायचं?" दीपमाला म्हणाली. ती शेवटच्या बोर्डावरची मुलगी. "आपल्या घरात पंखा लावला तरी मीटर पळतंय."

"आपल्याकडं वीज नाही, पैसा नाही. पण ओळख आहे. तू दीपमाला, तू कुणाच्या शब्दावर डोळे झाकून विश्वास ठेवशील? पाच-सात नावं सांग. ती तुझी माणसं. लीलामावशी तिची वेगळी माणसं सांगेल. त्यातली दोन-तीन तुझीच असतील. असं एकाचं रिंगण दुसऱ्यात अडकत जातं. तुझ्या माणसांनी मंजूर म्हटलं की तुझ्यापुरती नोंद पक्की, आणि रिंगणं एकमेकांत अडकलेली असली की सगळ्यांपुरती पक्की. एकदा पक्की झाली की प्रत्येकाच्या फोनमध्ये तिची प्रत राहते. ठेकेदार काय, कलेक्टर आला तरी पुसू शकत नाही."

"अध्यक्ष कोण?" लीलाबाईनं विचारलं.

"कुणीच नाही."

"कुणीच नाही म्हंजे? सह्या कोण करंल?"

"सगळ्याच."

हे कुणालाही आवडलं नाही. बचत गटाला अध्यक्ष असते, जयंतीच्या कमिटीला अध्यक्ष असतो, आणि हे एवढं मोठं काम बिनडोक्याचं कसं चालेल? पहिली नोंद रत्नमालाची झाली, हार्नेसच्या कामाची, आणि त्या जोरावर वाळूजच्याच दुसऱ्या एका कारखान्यानं तिला घेतलं. नंतर साखळी वाढली. आणि मग बायकांनी जे केलं ते आपल्याकडंच होऊ शकतं. लग्नपत्रिकेत नावं छापतात तशी त्यांनी यादी केली. आपल्याला कुणाचा भरवसा आहे हे बाजूला राहिलं. कुणाचं नाव नाही टाकलं तर वाईट दिसेल, हे बघितलं. प्रत्येकीनं पहिलं नाव रत्नमालाचं टाकलं. निशानं यादीत एक सोय ठेवली होती, एखाद्या नावापुढं 'हिच्याशिवाय नाही' अशी खूण करायची. ती खूण निशाच्या मते क्वचित वापरायची होती. बायकांनी ती रत्नमालापुढं सरसकट केली.

"अगं असं नका करू," निशा कळवळून सांगत होती. "सगळ्यांनी एकीलाच खुंटी केलं तर ती खुंटी हलली की सगळं खाली येईल."

"बाई, मान राहतो मोठ्या माणसाचा," लीलाबाई म्हणाली.

हा मान नाही, हे रत्नमालाला पक्कं ठाऊक होतं. त्या दिवशी बसमध्ये बसलेल्या साऱ्या जणी होत्या. प्रत्येकीच्या छातीत एक काटा होता आणि खुणेचं बटण दाबून ती तो काढत होती. काढू देत. रत्नमालाला ते बघायला बरं वाटत होतं.

आणि आता सोमनाथ. त्याची कंपनी ती लाइन गुंडाळून दुसऱ्या राज्यात निघून गेली. साहेबांना सोबत नेलं, सुपरवायजरांना हार घातले, आणि बायका साखळीतल्या नोंदींवर रत्नमालाच्या नव्या कारखान्यात आल्या. शेंद्र्याकडं नवी कंपनी माणसं घेत होती, पण तिथला मॅनेजर ठेकेदारांच्या कागदांना हात लावत नव्हता. साखळीत नोंद आहे का, एवढंच विचारायचा. सोमनाथनं आपली पाच माणसं जमवली, त्यांनी मंजूर म्हटलं, पण लाइनवरच्या बायकांच्या रिंगणांत आल्यावर नोंद एका ठिकाणी येऊन ठेपली. रत्नमालाशिवाय नाही.

हरकत म्हणायला तिला काही अडचण नव्हती. पण हरकत म्हटलं की नोंद गळून पडते, माणूस कपाळाला हात लावतो आणि दुसऱ्या दिवशी शब्द बदलून दुसरी नोंद टाकतो. रत्नमालाला ते नको होतं. त्याचा फोन त्याच्या उशाशी हवा होता.

ती गप्प बसली. रोज बसमध्ये फोन उघडायची, त्याचं नाव बघायची आणि बंद करायची.

साखळीचा एक नियम होता. नोंदी एकेक करून पक्क्या होत नाहीत, गठ्ठ्यानं होतात. गठ्ठ्यातल्या प्रत्येक नोंदीवर एकतर मंजूर हवं नाहीतर हरकत. खुंटी गप्प बसली की तो गठ्ठा अडतो आणि मागचे सगळे अडतात. सोमनाथच्या गठ्ठ्यात लीलाबाईच्या मुलीची, अपेक्षाची, नोंद होती. तीही शेंद्र्याला लागणार होती, आणि तिथली भरती आठवड्याअखेर बंद होणार होती.

लीलाबाई दारात आली ती चप्पल न काढता.

"रत्ना, दाब ना ते. काय ते हो का नाय एकदाचं दाब."

"बस की. चहा ठेवते."

"चहा नको मला. माझी पोर लटकून राह्यली तुझ्यापायी."

"माझ्यापायी? थोरेपायी म्हण."

"थोरे मरू दे! त्याला हरकत मार, गाडून टाक. पण गठ्ठा सोड. कामून अशी करायलीस?"

"लीला, तुझं तोंड लई मोकळं सुटलंय आज," रत्नमाला गॅस लावत म्हणाली. "त्या दिशी गेटवर कुठं होतं? बसच्या काचेमागं?"

लीलाबाईचा चेहरा उतरला. "पोट होतं ना गं माझं त्या कामावर. ते गेलं असतं तर अपेक्षाची फी..."

"मला नव्हतं पोट?"

"मी तुझं नाव पहिलं टाकलं यादीत."

"फुकट टाकलं. मला मान नको होता. चार शब्द हवे होते. 'सर, तिनं नाय घेतलं.' मोजून बघ, लई लांब वाक्य नाय."

लीलाबाई उंबऱ्यावरून मागं सरकली. "बरं. तुला असंच करायचं असंल तर मी बी बघते काय करायचं ते. नाव टाकता येतं तसं काढता बी येतं." चहा गॅसवर उतू गेला.

त्याच संध्याकाळी रत्नमालाच्या फोनवर ओळी येऊ लागल्या. 'लीलाबाईंनी त्यांच्या यादीतून आपलं नाव काढलं आहे.' 'दीपमाला यांनी आपलं नाव काढलं आहे.' लीलाबाई घरोघर हिंडत होती. प्रत्येक ओळ वाचताना रत्नमालाला ती काच सरकल्याचा आवाज ऐकू येत होता. पुरेशा जणींनी नाव काढलं की गठ्ठा तिच्याशिवाय पुढं जाणार आणि त्यात थोरे सुखरूप पार होणार. पण अजून नावं पुरेशी निघाली नव्हती. तेवढ्यात सोमनाथ स्वतःच आला.

स्कूटी त्याच्या मुलीनं चालवली होती. प्रेरणा नाव. चिकलठाण्याच्या एका युनिटमध्ये कामाला होती, साखळीतही होती. ती बाहेर ओट्यावर थांबली. सोमनाथ आत आला, शर्टाची इस्त्री अजून कडक होती, हातात पेढ्यांचा बॉक्स.

"ताई, कशा आहात?"

रत्नमालानं इकडं तिकडं बघितलं. "कोण ताई?"

"असं काय करता ताई. जुनी ओळख आपली."

"मी तर 'ए दाभाडे' होते. नाव बदललं का माझं?"

त्यानं बॉक्स टेबलावर ठेवला. तिनं तो उचलून परत त्याच्या मांडीवर ठेवला. पाणी विचारलं नाही. घरी आलेल्या माणसाला पाणी न विचारण्याची ही तिच्या आयुष्यातली पहिलीच वेळ, आणि तिला अजिबात वाईट वाटलं नाही.

"झालं गेलं सोडा ना ताई. माणसाकडून होतं. मी माफी मागतो."

"इथं? या खोलीत? पिशवी तर रस्त्यावर उपडी केली होती. माफी कामून आतमधी मागतो?"

"हे बरोबर नाही," सोमनाथचा आवाज चढला. "सगळ्यांनी मिळून एका माणसाला असं अडवायचं? हे वाळीत टाकणं झालं."

रत्नमाला उठून उभी राहिली. "वाळीत टाकणं काय असतं ते तू मला शिकवतो? या घरात? माझ्या आज्याला जाऊन विचार, कुठल्या विहिरीवर पाणी प्यायचा. तुला कुणी पाणी बंद केलं नाय, सावली बंद केली नाय. तू फक्त सांगतो ती गोष्ट खरी आहे असं मी म्हणत नाय. एवढंच. खोटं बोललास, आता साक्षीला माणूस शोधतो."

मग माणसं हरताना करतात ती चूक त्यानं केली. खरं बोलून मोकळं व्हायला गेला.

"तुम्ही पिशव्या घेतल्या नव्हत्या हे मला माहीत होतं, ताई. त्याच संध्याकाळी स्टोअरच्या कडुबानं फोन केला होता. मांडणीच्या मागं पडल्या होत्या. पण तोवर बस गेली होती. आता सगळ्यांसमोर मागं कसं यायचं, सांगा बरं? माझी पण इज्जत होती."

रत्नमालाला वाटलं होतं, त्याला खरंच संशय आला असेल. सगळी वर्षं तिनं त्याला मूर्ख समजून शिव्या दिल्या होत्या. तो मूर्ख नव्हता. त्याला त्याच संध्याकाळी कळलं होतं, आणि त्यानंतर त्यानं एकेका ठेकेदाराला फोन केले होते.

"हे लिही," ती म्हणाली. "साखळीत टाक. जसं बोललास तसं."

"ते लिहिलं तर मला कोण घेईल?"

"कळवतील."

सोमनाथ उठला. दारात प्रेरणा उभी होती. ओट्यावरून आतलं सगळं ऐकू येतं, ही या गल्लीतल्या घरांची रचना. मुलीनं बापाच्या तोंडाकडं बघितलं, मग रत्नमालाच्या. वळून स्कूटीला किल्ली लावली. पेढे त्यानं परत नेले.

रत्नमालानं निशाला फोन लावला. "नोंद टाकायची मला. माझी."

"कशाची?"

तिनं सांगितलं. निशा म्हणाली, "मावशी, तुझी नोंद पक्की होणार नाही."

"कामून?"

"स्वतःच्या नोंदीला स्वतःची साक्ष चालत नाही. आणि अजून अर्ध्या जणींनी 'रत्नमालाशिवाय नाही' करून ठेवलंय. सगळ्यांच्या साक्षी तुझ्यावर टेकतात, पण तुझी कुणावर टेकणार? मी तेव्हाच सांगत होते. आता मीही काही करू शकत नाही, मला तसा अधिकारच नाही. प्रत्येकीनं स्वतःच्या हातानं नाव काढायला पाहिजे."

"म्हंजे खुंटी उपटली तरच माझं खरं ठरणार."

"हो. आणि मग ते त्या सगळ्यांवर. ज्या गेटवर बसमध्ये होत्या त्यांच्यावर."

रत्नमालाला हेच नको होतं. एकदा त्यांच्या भरवशावर राहिली होती. हातात आलेला लगाम सोडून पुन्हा त्याच बायकांपुढं उभं राहायचं, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. पण हातातल्या लगामानं फार तर सोमनाथ लटकून राहणार होता. तिला तो पडलेला बघायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस सुटल्यावर ती मधल्या दांड्याला धरून उभी राहिली.

"ऐका गं सगळ्या. आधी एक. थोरेला मी आत्ता हरकत मारली, गठ्ठा सोडला. लीला, तुझी अपेक्षा मोकळी झाली." लीलाबाई खिडकीबाहेर बघत होती. "दुसरं. माझं नाव काढा यादीतून. सगळ्यांनी. आत्ता. लीलानं अर्धं काम केलंच आहे, बाकीच्या उरल्यात."

"अहो ताई, आम्ही रागानं नाय काढणार," मागून कुणीतरी म्हणालं.

"मग माझ्या रागानं काढा. तिसरं. मी एक नोंद टाकली आहे. माणूस चांगला का वाईट, असं काही लिहिलं नाय. झालं ते लिहिलं. गेटवर माझी पिशवी उपडी केली. डबा पेनानं ढवळला. काही सापडलं नाय. त्याच संध्याकाळी थोरेला कळलं की चोरी झालीच नव्हती, आणि तरी त्यानं मला कुठं काम मिळू दिलं नाय. ज्यांनी जे बघितलं तेवढंच मंजूर म्हणा. नाय म्हणायचं तर हरकत दाबा. गप बसू नका एवढंच. गप बसायचं मी बी करून बघितलं, लई मजा येती, पण पुरत नाय."

बसमध्ये ड्रायव्हरच्या रेडिओशिवाय आवाज नव्हता. फोन काढायला कुणाचा हात आधी जातो हे जो तो बघत होता. बराच वेळ कुणाचाच गेला नाही. रत्नमाला दांड्याला धरून उभी होती आणि मनात प्रत्येकीला आईबापावरून शिव्या घालत होती.

मग लीलाबाईनं पर्समधून फोन काढला. तिला बटण सापडेना. शेजारच्या मुलीनं दाखवायला हात पुढं केला तर तिच्यावर डाफरली, "दिसतंय मला!" दाबलं. रत्नमालाचा फोन थरथरला. त्यानंतर दीपमाला. त्यानंतर पुढच्या सीटवरच्या दोघी. वाळूज येईपर्यंत गेटवरच्या ओळी पक्क्या झाल्या होत्या. लीलाबाई उतरताना तिच्याकडं न बघता गेली आणि रत्नमालानंही हाक मारली नाही. साक्ष झाली, दोस्तीचं नंतर बघू.

शेवटची ओळ मात्र लटकली. सोमनाथला त्याच संध्याकाळी कळलं होतं, हे बसमधल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. स्टोअरचा कडुबा साखळीत नव्हता, कुठं गावाकडं निघून गेलेला. ते ऐकणारं माणूस एकच.

प्रेरणा आली त्या दिवशी नळाला आठवड्यातून एकदा येणारं पाणी आलं होतं. रत्नमालानं ड्रम, बादल्या, पातेली, साहेबरावचे रंगाचे रिकामे डबेसुद्धा ओट्यावर मांडले होते आणि पाइप धरून बसली होती. पाण्याच्या दिवशी या शहरात माणूस मयताला जात नाही. मुलगी समोर उभी राहिली.

"काकू, पप्पांच्या त्या पाच माणसांनी आपापल्या यादीतून त्यांचं नाव काढलं. शेवटी राहिलेल्या काकासाहेब काकांनी पण काल काढलं."

"बघितलं मी."

"शेवटच्या ओळीला माझीच साक्ष लागते ना?"

"व्हय."

"मी दिली तर त्यांना सुपरवायजरचं काम कुठंच मिळणार नाही."

"नाय मिळणार. दुसरं मिळंल. मला भाकऱ्या थापायचं मिळालं होतंच की."

प्रेरणानं ओठ चावला. "तुम्हाला आनंद होतोय."

"लई," रत्नमाला म्हणाली. पाइप दुसऱ्या ड्रममध्ये टाकला. "खोटं कामून बोलू? पण मी तुला बोलावलं नाय. मी तुझ्या दारात आले नाय. हरकत दाब, नायतर घरी जा. तुझा बाप आहे."

"घरी ते म्हणतात, मी असं बोललोच नाही. तुला नीट ऐकू आलं नसेल, म्हणतात." मुलीचा आवाज फाटला. "मला. मी दारात उभी होते आणि मला."

तिनं फोन काढला. अंगठा जरा वेळ काचेवर राहिला आणि मग दाबला गेला. रत्नमालाच्या कमरेला खोचलेला फोन थरथरला. तिनं तो बघितला नाही, बघायची गरज नव्हती.

"पण माझ्या यादीतून त्यांचं नाव मी काढणार नाही," प्रेरणा म्हणाली. "ते तुम्ही सांगू नका."

"नको काढू. राहू दे एक नाव." रत्नमालानं तिच्याकडं वर बघितलं. "रोज ताटाला ताट लावून जेवायला बस त्याच्यासंगं. त्याला बी कळू दे, कोण बसलंय ते."

प्रेरणा पायऱ्या उतरली. स्कूटीपाशी पोचायच्या आत तिचा फोन वाजला. तिनं नाव बघितलं, थोडा वेळ वाजू दिला, मग कानाला लावला.

"हो, पप्पा," ती म्हणाली. "मीच दिली."

ड्रम अर्धाच भरला होता. रत्नमालानं हात लांब करून नळ बंद केला, पुढचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून.